वरचा आकडा

पट्टेवाली गल्लीच्या तोंडाशी दिसली रे दिसली, की मागच्या तीन मजली इमारतीत एकच धांदल उडायची. पन्नाशीची, साठीची बायामाणसं जिने चढायची, उतरायची, परत चढायची. कठड्याला धरून, गुडघे दाबत, एकमेकांना "चला, चला, आली!" म्हणत. परक्या माणसाला वाटलं असतं, काय हौस आहे बघा या लोकांना व्यायामाची! हौस कसली डोंबलाची. बीपी वाढवायची धडपड चाललेली असायची सगळी.

हो, वाढवायचीच. जगात माणसं बीपी उतरावं म्हणून हात जोडतात, आणि या गल्लीत ते चढलेलं राहावं म्हणून घाम गाळत होती. वेडी नव्हती कुणी. उलट शहाणी होती म्हणूनच गाळत होती.

झालं होतं असं. एका मोठ्या संस्थेनं वस्तीसाठी योजना आणली होती. बीपीच्या गोळ्या घरपोच, फुकट, महिन्याच्या महिन्याला. महिन्यातून एकदा दंडाला पट्टा गुंडाळून बीपी मोजायला घरी बाई येणार. म्हणून त्या बाईचं नाव पडलं पट्टेवाली. योजना चांगली होती हो, खोटं कशाला बोला. पण तिच्यात एक मेख होती. लागोपाठ तीन महिने वरचा आकडा एकशे चाळीसच्या आत आला, की पेशंट 'यशस्वी' ठरायचा. टाळ्या, फोटो, जाड कागदाचं प्रमाणपत्र, आणि घरपोच गोळ्या बंद. ऑफिसातल्यांना 'बंद' हा शब्द आवडायचा नाही. ते म्हणायचे, "सर्वसाधारण खिडकीवर वर्ग केलंय."

ती दवाखान्यातली औषधांची खिडकी दहाला उघडायची आणि बाराला बंद व्हायची. गोळ्या आठवड्याच्याच मिळायच्या, आणि दोनदा गेलं तर एकदा ऐकायला लागायचं, "संपल्यात, पुढच्या आठवड्यात या." कामावरचा माणूस आठवड्याला एक खाडा करणार कुठून? तीन खाडे झाले की मुकादम दुसरं माणूस उभं करतो. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात ना, इथे पेशंटची गरज सरायच्या आत वैद्यच हात झटकून मोकळा होत होता. बीपी म्हणजे काय सर्दी आहे, आली आणि गेली? गोळी पोटात आहे तोवर आकडा खाली, गोळी थांबली की गेला वर. गल्लीतल्या शेंबड्या पोराला कळेल एवढी गोष्ट, पण योजना आखणाऱ्या शिकल्यासवरल्यांना काही कळली नव्हती.

पहिल्या वर्षी एक ट्रकवाला यशस्वी झाला होता. ऑफिसच्या भिंतीवर त्याचा फोटो होता, हातात प्रमाणपत्र, तोंडभर हसू. सहा महिन्यांत खिडकीच्या रांगेला कंटाळून त्यानं गोळ्या सोडल्या. आता त्याची मूत्रपिंडं गेली होती आणि आठवड्यातून दोनदा त्याला मशीनला जोडत होते. फोटो मात्र भिंतीवरून उतरला नव्हता. संस्थेच्या हिशेबी तो यशस्वी होता तो होताच.

तर एवढं बघितल्यावर माणसं जिने चढणार नाहीत तर काय करतील? पण पट्टेवाली काही कमी नव्हती. ती याच गल्लीत वाढलेली. घरात शिरली की आधी खुर्ची दाखवायची. "बसा. पाठ टेकवा. पाच मिनिटं गप्प." धाप बसायची, छाती निवायची, मग पट्टा. सगळी मेहनत पाण्यात.

"काय बाई हा छळ," खालच्या मजल्यावरची म्हातारी म्हणायची. "अगं, दोनतीन जास्त लिहिलेस तर हात झडतील का तुझे?"

"माझा आकडा म्हणजे आकडा, आजी. खोटं लिहायचं असतं तर मोजायचं कशाला?"

बोलायला बरं होतं. आणि खरंही होतं, ती कधी खोटं लिहीत नव्हती. पण खरेपणाच्या खाली आणखी एक गोष्ट होती आणि ती तिला स्वतःलाही ठाऊक होती. तिची नोकरी अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर चालली होती, चार वर्षं. या खेपेला ऑफिसच्या मॅडमनी सांगितलं होतं, "तुमच्या साठ पेशंटपैकी बेचाळीस जण यशस्वी दाखवा, मी तुमचं परमनंटचं पत्र काढते. नाहीतर करार संपला की माझाही नाइलाज आहे." मुदत महिनाअखेर. पट्टेवालीच्या वहीत एकेचाळीस झाले होते. राहिलेल्यांत दोघांचे दोन-दोन महिने चांगले गेले होते. एक सलूनवाला. तो लबाड, आज गोळी खाईल तर उद्या विसरेल, त्याच्यावर भरवसा ठेवायची सोय नाही. आणि दुसरी होती तिची मावशी.

मावशी म्हणजे सख्खी, आईची धाकटी बहीण. पट्टेवाली सात वर्षांची असताना आई गेली तेव्हा मावशीनं तिला उचलून आणलं आणि स्वतः लग्नाबिग्नाच्या भानगडीत पडलीच नाही. माय मरो पण मावशी जगो म्हणतात, ते गल्लीनं डोळ्यांनी बघितलं होतं. मावशी कपड्यांच्या कारखान्यात इस्त्री खात्यात होती, बत्तीस वर्षं. वाफेची जड इस्त्री, समोर शर्टांचा ढीग, दिवसभर उभं राहायचं. उजवा हात असा चालायचा की कॉलरची कड बघून माणसं सांगायची, हा शर्ट कुणाच्या हाताखालून गेलाय. "माझा उजवा हात म्हणजे माझी पेन्शन," असं ती म्हणायची, कारण दुसरी पेन्शन तिला नव्हतीच.

त्या मंगळवारी पट्टेवाली तिच्याकडे गेली ती मोजायला नव्हे, सांगायला. मोजणी पुढच्या सोमवारी होती.

"मावशी, सोमवारी तुझा आकडा चांगला आला की माझे बेचाळीस झाले."

मावशी बशीत चहा ओतत होती. ती थांबली. "आणि मी खिडकीवर गेले."

"मी आणीन ना तुझ्या गोळ्या खिडकीवरून."

"तू? दहा ते बारा तू लोकांचे दंड आवळत फिरतेस. आणि ते दुसऱ्याच्या हाती देतात होय? अंगठा लागतो, बाई. ज्याचा रोग त्याचा अंगठा." मावशीनं बशी पुढे केली. "मी काय म्हणते, पोरी, थोडा जास्त लिही ना. एकशे पन्नास लिही. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय."

"बघा बाई, हरिश्चंद्र आला आमच्या घरी! मी बत्तीस वर्षांत एक कॉलर वाकडी जाऊ दिली नाही, मला शिकवू नकोस खरेपणा. तुला बेचाळीस पाहिजेत ते सांग की सरळ."

ते वर्मी लागलं. खरं होतं ना, म्हणूनच लागलं. पट्टेवाली ताडकन उठली, पिशवी खांद्याला अडकवली आणि दारातून म्हणाली, "मग असं कर, आठ दिवस गोळ्याच खाऊ नकोस. चढेल आपोआप! हाय काय नि नाय काय!"

रागात माणूस काय काय बोलतं. जिना उतरेपर्यंत ती ते विसरूनही गेली.

सोमवारी संध्याकाळी मावशीला खुर्चीत बसवलं, पाच मिनिटं गप्प ठेवलं, पट्टा गुंडाळला. आकडा आला एकशे चौऱ्याहत्तर. पट्टेवालीला खरं वाटेना. तिनं दुसऱ्या दंडाला मोजलं. एकशे शहात्तर. मावशीच्या तोंडावर मात्र परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखा आनंद.

"लिही," ती म्हणाली. "आता तर खरा आहे ना?"

"मावशी, काय केलंस तू?"

मावशीनं फळीवरचा जुना बिस्किटांचा डबा काढून दाखवला. आत गोळ्या. सात दिवसांच्या, पाकिटासकट जपून ठेवलेल्या. "तूच म्हणालीस की. आणि वाया नाही घालवल्या हो मी एकही. पुढंमागं अडचणीला उपयोगी पडतील."

पट्टेवाली ओरडली, चिडली, हातापाया पडली. बीपीनं काय होतं ते तिनं शंभर घरांत सांगितलं होतं, तेच सगळं पुन्हा सांगितलं. मावशी मान हलवत राहिली. मग पट्टेवालीनं एक चूक केली. तिनं नियम सांगितला. "एकदम एवढा चढला की तो आकडा धरत नाहीत. आठ दिवसांनी पुन्हा मोजायचा असतो. तेव्हा उतरला तर तू यशस्वीच. तेव्हा उगाच अंगावर काढू नकोस, आजपासून गोळी घे."

"घेते हो," मावशी म्हणाली. म्हणाली खरी, पण डबा तिनं परत फळीवर ठेवला आणि झाकण घट्ट लावलं.

पट्टेवालीला ते झाकण दिसलं. नाही दिसलं असं ती पुढे कधीच म्हणू शकली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, तो लबाड सलूनवाला पास झाला. एकशे बत्तीस. बायकोनं म्हणे महिनाभर समोर उभं राहून गोळ्या गिळायला लावल्या होत्या. पट्टेवालीनं वहीत बेचाळीस लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि सलूनच्या बाकावरच क्षणभर डोळे मिटून बसली. चार वर्षांचं ओझं उतरलं होतं.

आणि तेव्हाच तिनं मनाशी ठरवलं, आता मावशीचा आकडा काहीही येवो, आपण एकशे साठ लिहायचा. आपले बेचाळीस झाले, आता कशाला हवा हा खरेपणा? तिला गोळ्या चालू राहतील, आपली नोकरी राहील, सगळ्यांचं भलं. सांगायचं तिला, बाई, तू गोळ्या खा पोटभर, आकड्याचं मी बघते.

घरी परतताना ती मावशीच्या इमारतीखालून गेली. तिसऱ्या मजल्यावर दिवा होता. पाय दिवसभर चालून भरून आले होते, तीन जिने चढणं जिवावर आलं. फोन करावा, तर असलं काम फोनवर बोलायचं नसतं. आणि खरं सांगायचं तर आणखी एक होतं. मावशीचं ते "तुला बेचाळीस पाहिजेत" अजून सलत होतं. लगेच वर जाऊन "तू म्हणशील तसं" म्हणायला तिचा जीव धजेना. राहू दे चार दिवस घोरात, शनिवारी निवांत जाऊ, चहा पिऊ, सांगू. असं म्हणून ती पुढे गेली. एवढंच केलं तिनं. तीन जिने चढली नाही.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला कारखान्यातून फोन आला.

इस्त्री खात्यातल्या बायांनी नंतर सांगितलं, आधी वास आला, कापड जळल्याचा. वळून बघितलं तर इस्त्री शर्टावर तशीच, आणि मावशी तिच्याकडे बघत उभी. हाताला सांगत होती उचल म्हणून, आणि हात ऐकत नव्हता. मग तोंड एका बाजूला गेलं. मग ती खाली बसली, हळूच, कुणाला त्रास नको अशी. बत्तीस वर्षांत तिच्या हातून जळलेला तो पहिला शर्ट. मुकादमानं तो बाजूला काढून ठेवला, पैसे भरून घ्यायला.

जीव वाचला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, दहा शब्दांतला एक कळायचा. मोठ्या दवाखान्यातला तरुण डॉक्टर म्हणाला, "गोळ्या कधीपासून बंद होत्या?"

"दहा दिवस," पट्टेवाली म्हणाली.

"तरीच. तुम्हा लोकांना फुकट दिलं तरी किंमत नसते हो."

तिच्या ओठांवर आलं होतं की, साहेब, किंमत कळली होती म्हणूनच डब्यात ठेवल्या होत्या. पण त्यानं पुढच्या खाटेकडे तोंड फिरवलं होतं, आणि तसंही तिला आता कुणाला शिकवायचा काय हक्क होता? गोळ्या खाऊ नकोस म्हणून जिनं सांगितलं, तीच ही.

बाराव्या दिवशी मावशीला घरी पाठवलं. तिसऱ्या मजल्यावर नेणार कशी, म्हणून पट्टेवालीनं तिला आपल्या तळमजल्यावरच्या खोलीत आणलं. येताना मावशीचं सामान आणलं, चार कपडे, एक गोधडी आणि तो बिस्किटांचा डबा.

महिनाअखेरीला मॅडमनी ऑफिसात बोलावलं. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी पाणी दिलं, मावशीची विचारपूस केली, डोळेही पुसले. मग फॉर्म पुढे केला. पेशंटचं काही बरंवाईट झालं की भरायचा असतो तो. 'कारण' असं लिहिलेलं, पुढे चार चौकोन. गोळ्या नियमित घेतल्या नाहीत. पत्ता बदलला. इतर आजार. मृत्यू.

"यातलं एकही नाही, मॅडम," पट्टेवाली म्हणाली. "तिनं गोळ्या मिळत राहाव्या म्हणून गोळ्या सोडल्या. हे कुठं लिहू?"

मॅडमनी फॉर्म उलटून मागची बाजूही बघितली. "त्याला जागा नाहीये," त्या हळूच म्हणाल्या. "पहिल्यावरच खूण करा. आणि हे बघा, तुमचं नुकसान नाही यात. त्या यादीतून निघतात. साठाच्या एकोणसाठ होतात, बेचाळीस तसेच राहतात. तुमची टक्केवारी उलट सुधारते."

"यादीतून निघतात म्हणजे? तिला तर आता जास्त गरज आहे."

"पक्षाघात होऊ नये म्हणून योजना आहे ना आपली. झालेल्यांसाठी नाही."

पट्टेवालीला हसू आलं. खरंच आलं, आणि ते इतकं घाणेरडं हसू होतं की मॅडम दचकल्या. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं ती ऐकत आली होती. इथे तर मलमाची डबी दाखवून जखम करत होते, आणि जखम झाली की डबी काढून घेत होते. तिला वाटलं, फॉर्म फाडावा, टेबल उलथावं, भिंतीवरचा ट्रकवाल्याचा फोटो काढून यांच्या पुढ्यात आपटावा. पण घरी एक बाई अंथरुणात होती. तिला पालटायला, भरवायला माणूस ठेवावं लागणार होतं, आणि त्यासाठी नोकरी लागणार होती. तिनं पहिल्या चौकोनात खूण केली. आपल्या हातानं. मग मॅडमनी दुसरा कागद दिला, परमनंटचा. त्यावरही तिनं सही केली.

"अभिनंदन म्हणायचं की नाही तेच कळत नाही," मॅडम म्हणाल्या.

"नका म्हणू," ती म्हणाली.

घरी आली तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. मावशी भिंतीला टेकून बसली होती. शेजारणीनं नुकतीच वेणी घालून दिली होती. पट्टेवालीनं हात धुतले, फळीवरून डबा काढला आणि एक गोळी फोडली. मोठ्या दवाखान्यातल्या गोळ्या परवाच संपल्या होत्या. आता मावशी स्वतःच अडचणीसाठी साठवलेल्या गोळ्यांवर होती. दहा होत्या, आता आठ राहिल्या. पुढे खिडकी, आणि खिडकीला अंगठा लागतो, तोही तिथं स्वतः जाऊन लावायचा.

मावशीनं चमच्यातल्या पाण्याबरोबर गोळी गिळली. मग तिची नजर पिशवीकडे गेली. पट्ट्याच्या पिशवीकडे. डाव्या हातानं तिनं बाही वर सरकवायला सुरुवात केली, पण दंड डावा आणि हातही डावा, जमेना. पट्टेवालीनं सरकवून दिली. आता मोजायची काही गरज नव्हती, वहीत नाव नव्हतं, रकाना नव्हता. तरी तिनं पट्टा गुंडाळला. "पाच मिनिटं गप्प," ती सवयीनं म्हणाली, आणि मग जीभ चावली.

आकडा आला एकशे सव्वीस. अगदी फोटो काढण्याजोगा.

मावशीनं मशीनकडे बघितलं. आकडे तिला अजून कळत होते. तिचा चेहरा घाबरला, अर्धाच घाबरला, अर्धा तसाच राहिला. डाव्या हातानं तिनं पट्टेवालीचं मनगट धरलं. तोंडातून शब्द बाहेर काढायला तिला फार वेळ लागला.

"लिही..." ती म्हणाली. लाळ गळली, पट्टेवालीनं पुसली. "जा... जास्त... लिही."

पट्टेवालीनं पिशवीतून वही काढली, मागचं कोरं पान उघडलं आणि मावशीला दिसेल असं धरून मोठ्या अक्षरांत एकशे साठ लिहिलं.

"लिहिलं, मावशी," ती म्हणाली. "जास्त लिहिलं."

मावशीनं मनगट सोडलं आणि समाधानानं डोळे मिटले.